गाणे कशावर ऐकले?

गाण्याविषयीचे मत ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब असते आणि आवडीला कारण विचारायचे नसते, हा समज मराठी वाचकांत चांगलाच रुजलेला आहे. रागांची नावे ठाऊक असणाऱ्यांनी समीक्षा करावी आणि उरलेल्यांनी ‘छान आहे’ किंवा ‘जमले नाही’ एवढे म्हणून थांबावे, ही वाटणी त्यातूनच आलेली आहे. बीड जिल्ह्यात गाणे ज्या रीतीने ऐकले जाते तिच्याकडे बारकाईने पाहिले, तर ही वाटणी टिकत नाही. येथील श्रोता आपले मत सहसा लिहून ठेवत नाही, ते वापरातून दिसते. कोणती चाल भजनी मंडळाने उचलली आणि कोणती एका हंगामात गळून पडली, पहाटे मंदिरावरच्या भोंग्यावर कोणाचा आवाज लागतो, वरातीत कोणते गाणे दोनदा वाजते, यांतले प्रत्येक उत्तर म्हणजे एक निवाडा असतो. त्या निवाड्यामागे निकष असतात आणि ते निकष, श्रोत्याने गाणे कोठे व कोणत्या साधनावर ऐकले, याच्याशी घट्ट बांधलेले असतात.

या भागातला कान प्रथम तयार होतो तो अखंड हरिनाम सप्ताहात. सप्ताह म्हणजे सात दिवस वीणा खाली न ठेवता चालणारा नामजप; त्यात पहाटे काकडा, दुपारी गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम असतो. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी आणि अंबाजोगाईवरून पंढरपूरकडे जाते, तर पैठणची नाथांची पालखी रायमोहा व पाटोद्याच्या वाटेने जाते, त्यामुळे दिंडीचे भजन दरवर्षी दाराशीच येते. अशा भजनात ऐकणारा आणि गाणारा वेगळे नसतात. टाळ हातात घेतलेला मनुष्य चाल ऐकतो तेव्हा ती आपल्याला धरता येईल का, ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा आळवायचा चरण, दहा जणांच्या तोंडी एकदम बसेल का, याचा अंदाज तो मनातल्या मनात घेत असतो. संगीताचे शिक्षण न घेतलेल्या माणसाचा हा अंदाज पुष्कळदा अचूक ठरतो.

अभंगाला चित्रपटातल्या गाण्याची चाल लावावी की नाही, हा भजनी मंडळांतला जुना वाद आहे. परंपरेचे अभिमानी त्याला नाके मुरडतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे, कारण उसनी चाल ऐकताना मूळ गाण्याचे शब्द डोक्यात घोळत राहतात. परंतु याच उसनवारीत श्रोत्याची पारख उघडी होते. ज्या चालीत चारही चरण दम न तुटता बसतात, जी चाल टिपेला नेली तरी सामान्य गळ्याला पेलते आणि जिच्यात टाळाला आपली जागा सापडते, तीच पुढच्या वर्षी टिकते. बाकीच्या चाली, मूळ चित्रपट कितीही चाललेला असो, भजनातून आपोआप बाद होतात.

या कानाचा दुसरा शिक्षक म्हणजे पखवाज. नामवंत पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर हे याच जिल्ह्यातल्या, अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे. ज्ञानेश्वर महाराजांचे जन्मस्थान मानले जाणारे आपेगाव पैठण तालुक्यात आहे, हा फरक येथे ध्यानात ठेवावा लागतो. पखवाजाच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते आणि त्याचा सूर लाकडी गट्टे ठोकून जमवता येतो. डाव्या तोंडावर मात्र वाजवण्यापूर्वी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात आणि वादन संपले की तो खरवडून काढतात. कणकेच्या या ओल्या वजनामुळे कातडे सावकाश थरथरते आणि त्यातून जो खर्जाचा नाद निघतो तो कानाइतकाच छातीला जाणवतो. गोळा वाळू लागला की नाद कोरडा होतो आणि वादक पाण्याचे बोट फिरवून तो पुन्हा जागेवर आणतो. ज्याने लहानपणापासून हा नाद दोन हातांवरून ऐकलेला आहे, त्याला ध्वनिमुद्रित अभंगातला पखवाज अनेकदा अर्धा वाटतो. त्याची ही तक्रार खरी आहे आणि तिचे कारणही सांगता येते: खर्जाचा नाद उमटवण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते आणि लहान स्पीकरच्या इवल्याशा पडद्याला ते जमत नाही, त्यामुळे मोबाइलवर डाव्या हाताचे काम जवळजवळ नाहीसे होऊन उजव्या हाताची टिकटिक तेवढी मागे राहते.

भोंग्याचे गणित वेगळे आहे. निमुळत्या गळ्याचा आणि पसरट तोंडाचा हा कर्णा मधल्या पट्टीतले स्वर जोराने लांबवर फेकतो आणि खर्ज जवळजवळ गाळून टाकतो. शेत, वस्ती आणि वाऱ्याचा घोंगाट ओलांडून येणाऱ्या अशा आवाजात जो गळा टिकतो तोच गावाच्या कानात राहतो. प्रल्हाद शिंदे (1933–2004) यांची विठ्ठलगीते, भीमगीते आणि कव्वालीच्या अंगाची गाणी मराठवाड्यात घरोघरी का पोहोचली, याची भक्ती आणि चळवळ ही दोन कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती बरोबरच आहेत. पण तिसरे कारण त्यांच्या गळ्यात आहे. उंच पट्टी, मोकळा लावलेला आवाज आणि प्रत्येक व्यंजनाला दिलेला ठोस उठाव यांमुळे त्यांचा शब्द भोंग्यातून दोन शेतांपलीकडेही पुसट होत नाही. मुंबई-पुण्याच्या समीक्षेने या आवाजाला भावगीताच्या मऊ गायकीच्या मापाने मोजले आणि तो बराच काळ ‘लोकप्रिय’ या एका शब्दात बाजूला ठेवला, हा अन्याय होता. शब्द स्पष्ट पोहोचवणे ही गायकीतली मोठी कला आहे आणि तिची पहिली दाद ज्यांनी दिली ते श्रोते जाणकारच होते.

अल्बम या प्रकाराशी मात्र या कानाचे नाते थोडे अवघड राहिले. भारतातले व्यापारी ध्वनिमुद्रण 1902 साली कोलकात्यात गौहरजान यांच्या आवाजाने सुरू झाले, असे मानले जाते. त्या काळापासून चालत आलेल्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत असत. अशा अनेक तबकड्या एकत्र ठेवण्याच्या, छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधलेल्या पुठ्ठ्याला अल्बम म्हणत. पुढे 1948 साली अमेरिकेत दीर्घध्वनिमुद्रिका आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली, तेव्हा एका सूत्रात बांधलेला गीतसंच असा त्या शब्दाचा अर्थ झाला. मराठीत त्या सूत्राचे थोर उदाहरण तबकडीच्याही आधी रेडिओवर घडले: ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून 1955–56 मध्ये वर्षभर प्रसारित झाले आणि त्याची 56 गीते क्रमाने ऐकणे हेच त्याचे ऐकणे होते.

श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेला आणि लता मंगेशकर यांनी गायलेला ‘अभंग तुकयाचे’ हा संच या दृष्टीने मुद्दाम तपासण्याजोगा आहे. खळे यांची चाल वरून साधी भासते, पण आत वळणे घेते. ओळीचा शेवट अपेक्षेपेक्षा वेगळ्या स्वरावर येतो, आणि लताबाई ते वळण इतक्या सहज घेतात की अवघडपणा गायला बसल्यावरच कळतो. वारकरी कानाला हा संच गोड लागतो आणि परका वाटतो, दोन्ही एकाच वेळी. गोड अशासाठी की शब्दांचा अर्थ स्वराने उलगडत जातो. परका अशासाठी की ही चाल एकट्याची आहे, मेळ्याची नाही. टाळकऱ्यांना तीत शिरायला जागा नाही आणि ध्रुपदावर हवा तेवढा वेळ रेंगाळण्याची मुभा मुद्रणात नाही. भीमसेन जोशी यांच्या ‘संतवाणी’च्या मैफलीत ही मुभा होती, एका चरणावर ते फिरत राहत आणि टाळ चढत जाई, म्हणूनच भजनी श्रोत्याने त्यांना अधिक लवकर आपले मानले असावे. तरीही खळे यांचा संच उणा ठरत नाही. तुकोबांचा एकांत भजनाच्या गजरात सहसा ऐकू येत नाही, तो या मुद्रणात ऐकू येतो, आणि त्यासाठी शांत खोली व बऱ्यापैकी स्पीकर लागतो एवढेच.

‘सैराट’बाबत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांनी त्यात चारच गाणी दिली आणि त्यांतल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे मुद्रण अमेरिकेत कॅलिफोर्नियात केले. बीडच्या लग्नसराईत त्यातले ‘झिंगाट’ तेवढे उरले. वरातीपुढच्या गाडीवर रचलेल्या डीजेच्या भिंतीतून ठोका आणि खर्ज यांचाच मारा होतो, व्हायोलिनांचे थर त्यात बुडून जातात. त्यामुळे नाचाचे गाणे जिंकते आणि बाकीची तीन हरतात. ज्याने हा संच वरातीतच ऐकला त्याचे मत एका गाण्याविषयीचे असते. कानात इयरफोन घालून तो सलग ऐकणाऱ्याला मात्र दिसते की या संगीतकारांची खरी कमाई हळुवार गाण्यांत आहे, जिथे गावरान शब्द आणि तारवाद्यांचा भरणा एकमेकांना न दाबता चालतात.

ऊसतोडीने या ऐकण्याला आणखी एक वळण दिले. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातली लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात; नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणून मोजतात आणि संसार उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत मांडतात. गावोगावी कार्तिकाचा काकडा सुरू असतो त्याच दिवसांत ही माणसे फडावर असतात, म्हणून पहाटेचा अभंग त्यांना मोबाइलवर ऐकावा लागतो. इंटरनेट स्वस्त होण्यापूर्वी निघताना बाजारच्या गावी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याची रीत होती. एमपी 3 या पद्धतीत, कानाला एरवीही जाणवणार नाहीत असे नाद वगळून ध्वनी लहान केला जातो आणि मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. चार जीबीच्या कार्डात त्या हिशेबाने हजारभर गाणी बसत. सहा महिन्यांची सोबत त्यात होती, आणि दिवसभर मोळ्या बांधून आलेल्या बाईला रात्री भाकरी थापताना तिच्या आवडीचे भजन ऐकता येत होते, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र त्या कार्डात अल्बम मोडला आणि नावे पुसली गेली. कॅसेटच्या आतल्या कागदावर गीतकार, संगीतकार, गायक असे छापलेले असे; कार्डात गाण्याचे नाव कसेबसे रोमन अक्षरांत उरले आणि गाणी वर्णक्रमाने लागू लागली. सर्वांत मोठे नुकसान झाले ते गीतकाराचे. वामनदादा कर्डक (1922–2004) यांची गाणी या भागातल्या भीमजयंतीत शेकडो तोंडी आहेत, पण फाइलवर त्यांचे नाव क्वचितच सापडते. संतकवींनी आणि त्यांच्या मागोमाग लोकशाहिरांनी यावर फार पूर्वी उपाय योजलेला होता: रचनेच्या शेवटच्या चरणात कवीने आपले नाव गुंफायचे. याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांची आहे, नामदेवांची आहे, वामनदादांचीही आहे. ती असली की तबकडीवरचा कागद फाटला, कॅसेटची डबी हरवली, फाइलचे नाव बदलले, तरी गाणे कोणाचे हे गाण्यातच राहते. अडचण इतकीच की मोबाइलवर फिरणारे तुकडे आता अर्ध्या मिनिटाचे असतात आणि ते शेवटच्या चरणापर्यंत जात नाहीत. काकड्यात मात्र अभंग पुरा म्हटला जातो, नाममुद्रेचा चरण आल्यावर टाळ थोडे सैल होतात, तो चरण सावकाश, सगळ्यांच्या तोंडून येतो आणि मग विणेकरी पुढचा अभंग लावतो.