थोरल्या भावाचे देऊळ

अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणात उभे असलेले शिवमंदिर पाहण्यास जे येतात, त्यांपैकी बहुतेकांची दृष्टी बाह्यभिंतींवरील देवदेवतांच्या मूर्तींवर, भग्न शिखरावर आणि पायऱ्या उतरून जावे लागणाऱ्या खोल गाभाऱ्यावर खिळून राहते. उत्तरद्वाराच्या तुळईवर आतल्या अंगाने कोरलेला शिलालेख मात्र त्यांच्या लक्षातही येत नाही. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी ज्यांची येथे रीघ लागते, त्या भाविकांना तर मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले ही आख्यायिकाच पुरेशी वाटते. विद्वानांनी या लेखाचा पुष्कळ ऊहापोह केला, परंतु तोही मुख्यतः कालनिर्णयासाठी. त्यातील शक प्रथम ७८२ असा वाचला गेल्यामुळे मंदिराचे वय दोनशे वर्षांनी वाढले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखवून दिले आणि इसवी सन १०६० हे वर्ष इतिहासाच्या दप्तरी रुजू झाले.

मला या लेखातील निराळीच गोष्ट मोलाची वाटते. त्या वेळी उत्तर कोकणावर शिलाहार राजा मुम्मुणी, ज्याला लेखात मम्वाणी म्हटले आहे, याचा अंमल होता. त्याच्या कारभाऱ्यांची नावेही लेखात आली आहेत. असे असता जे भवन सिद्धीस गेले म्हणून हा मजकूर कोरला गेला, ते मुम्मुणीचे म्हणून सांगितलेले नाही. ते महामंडलेश्वर छित्तराजदेवाचे भवन आहे. छित्तराज हा मुम्मुणीचा थोरला भाऊ, आणि लेख कोरला गेला तेव्हा तो हयात नव्हता. हे देऊळ छित्तराजाने आरंभिले व धाकट्याने पुरे केले असे काही अभ्यासक मानतात. ते त्याच्या स्मरणार्थच उभारले गेले, असाही अर्थ लावता येतो. दोहोंपैकी कोणताही अर्थ घेतला तरी, राज्य ज्याचे, खजिना ज्याचा आणि हुकूम ज्याचा, त्याने देवळावर आपले नव्हे तर दिवंगत भावाचे नाव राहू दिले, एवढे निर्विवाद उरते.

हा छित्तराज दानशूर होता, याला दस्तऐवजी पुरावा आहे. भांडुप येथे सापडलेल्या शके ९४८ च्या, म्हणजे इसवी सन १०२६ च्या ताम्रपटात, साष्टी विषयातील (प्रांतातील) नौर या गावचे एक शेत त्याने आमदेवैय नावाच्या ब्राह्मणास दान दिल्याची नोंद आहे. शेताच्या चतुःसीमा लिहाव्यात, पुढे येणाऱ्या राजांनी हे दान पाळावे अशी विनवणी करावी आणि हिरावून घेणाऱ्यास पापाचे भय घालावे, ही अशा ताम्रपटांची रीत असे. मातापित्यांच्या व स्वतःच्या श्रेयासाठी हे दान करीत आहोत, हे शब्दही त्या काळच्या दानपत्रांत वारंवार भेटतात. म्हणजे देणारा देत असता आपल्या आधी गेलेल्यांना त्या पुण्यात वाटेकरी करून घेत असे, आणि त्याच्यामागून येणाऱ्यांनी त्याच्यासाठी तेच करावे, अशी ती परंपरा होती.

छित्तराजामागून मधला भाऊ नागार्जुन गादीवर आला. सन १०३९ चा त्याचा ताम्रपट उपलब्ध आहे. त्याच्यानंतर मुम्मुणी. या तिघाही भावांचे नाव सोड्ढल या कवीने ‘उदयसुंदरीकथा’ या आपल्या संस्कृत ग्रंथात आश्रयदाते म्हणून कृतज्ञतापूर्वक नोंदविले आहे. एका भावाच्या दारी आलेला गुणवंत दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या राज्यातही विन्मुख परत गेला नाही, यावरून त्या घरातील दातृत्व एका व्यक्तीपुरते नव्हते असे म्हणावयास हरकत नाही. छित्तराजाच्या शेवटच्या ज्ञात ताम्रपटानंतर सुमारे पाव शतकाने अंबरनाथचा लेख कोरला गेला. पाव शतकात शोक निवतो, रडणारी माणसेही उरत नाहीत. त्यानंतरही थोरल्याचे नाव जागच्या जागी ठेवणे हा भावनेच्या भरात केलेला उपचार नव्हे, ते समजून उमजून पाळलेले कर्तव्य आहे.

मंदिरापासून वालधुनीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की उल्हासनगर लागते. सन १९४७ च्या फाळणीत सिंधमधील घरदार सोडून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण झाले. तरी लोकांच्या तोंडी अद्याप कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच हेच पत्ते असतात. ज्यांच्या पूर्वजांनी बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा व मंदिरे सीमेपलीकडे राहिली, त्यांना आपल्या मृतांचे स्मरण दगडाच्या आधाराने करता येईना. म्हणून ते त्यांनी अन्नाच्या व पाण्याच्या आधाराने केले. मृत्यूनंतर बाराव्या दिवशी ज्येष्ठ पुत्राच्या मस्तकी पगडी ठेवली जाते. घराची जबाबदारी त्याच्याकडे आली, हे जमलेल्या नातलगांसमक्ष मान्य करण्याचा तो विधी होय. माझ्या समजुतीप्रमाणे वडिलांचे देणेघेणे जसे त्या पगडीबरोबर येते, तसे त्यांचे देणेही, म्हणजे दानही, येते. पुढे वर्षाने वर्सी होते. दरबारात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, पाठ, भजन आणि शेवटी पंगत. त्या पंगतीत घरची माणसे स्वतः वाढतात, पात्रात काय संपले हे वाकून पाहतात, आणि जेवणाऱ्याचे नाव, गाव, जात कोणी पुसत नाही. गेलेला माणूस ज्या हाताने वाढीत असे, त्या हाताची सवय मुलांच्या हाताला लागावी, याहून या पंगतीचा निराळा हेतू मला दिसत नाही.

शेजारच्या बदलापुरात उल्हास नदीच्या काठी दशक्रिया होते, पितृपक्षात घरोघरी पाने वाढली जातात. मुंबईतील चाळींतून येथे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांनी कोकणातील व देशावरील रिवाज बरोबर आणले आहेत. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ शाळेत ठेव ठेवून तिच्या व्याजातून पारितोषिक द्यावे, ही रीत त्यांच्यात विशेष. ती चांगलीच आहे. परंतु नियमाने एकादशी करणारा, वारी न चुकविणारा आणि गाजावाजा न करता देणारा माणूस जेव्हा जातो, तेव्हा त्याच्या कपाटात बहुधा एक वही निघते: एका विधवेचा दरमहाचा किराणा, शेजारच्या मुलाची फी, गावच्या देवळाच्या तेलवातीचे रुपये. तसबिरीला हार घालणे सोपे असते. त्या वहीतील पुढच्या महिन्याची ओळ लिहिणे कठीण असते, कारण ती लिहिण्यास पैसा तर लागतोच, पण आपल्या वडिलांनी हे का केले असेल, हे समजून घेण्याची नम्रताही लागते. ज्या घरातून ती विधवा आजही आपला किराणा घेऊन जाते, त्या घरात तो माणूस गेला आहे असे म्हणवत नाही.

शिलाहारांच्या घरातही ही गोष्ट अखंड टिकली नाही. नागार्जुनाचा पुत्र अनंतदेव याच्या सन १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात दायादांच्या वैरामुळे देशावर आलेल्या अरिष्टाचा उल्लेख आहे. ज्या कुळात धाकट्याने थोरल्याच्या नावाचा इतका मान राखला, त्याच कुळात एका पिढीच्या आत भाऊबंदकी शिरली. वारसाहक्काच्या दाव्यांत वडिलांचे अन्नदान प्रथम बंद पडते आणि जमिनीचा तंटा मात्र कोर्टात वर्षानुवर्षे चालू राहतो, हा अनुभव आजच्या कुटुंबांनाही नवा नाही. म्हणून पंगत असो, ठेव असो की वहीतील ओळ असो, भावाभावांचे बोलणे शाबूत आहे तोवरच ती कोणी, कशी व कोणत्या पैशातून चालवावयाची, हे एकत्र बसून ठरविलेले बरे. मुम्मुणीने ते आपल्या हयातीत ठरविले आणि तुळईवर कोरून ठेवले.