गोळी सोसत नाही? सांगा, पण सोडू नका!

भोरहून महाडकडे निघाले, की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने रस्ता हिर्डोशीला पोचतो. पुढे वरंधा घाट. या खोऱ्यातील घरटी एखादा तरी माणूस पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेला. असेच मुंबईहून परतलेले चाळिशीचे एक गृहस्थ ऐन भातलावणीत माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दार लावून घेत ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एचआयव्हीची गोळी चालू होती. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागंना. वीस दिवस झाले, बंद केली."

"गोळी कधी घेत होता?"

"रात्री, जेवण झाल्यावर."

मी कपाळाला हात लावला. गोळी सोडायची नव्हती, फक्त वेळ बदलायची होती!

वाचकहो, आपल्या देशात सरकारी एआरटी केंद्रांतून ही औषधे 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळतात. सध्या बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर या तीन औषधांची मिळून एकच गोळी रोज घ्यावी लागते. जुन्या औषधांपेक्षा ती पुष्कळ सुसह्य आहे. तरी सुरुवातीला काहींना मळमळ, डोकेदुखी किंवा झोप न येणे असा त्रास होतो. काहींचे वजन वाढते. बरेचसे त्रास काही आठवड्यांत कमी होतात. झोप येत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्यावी.

मग गोळी सोडली तर काय बिघडते? औषध थांबताच विषाणू पुन्हा वाढू लागतो. वारंवार खंड पडला तर तो औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते. ज्यांना हिपॅटायटिस बी ची कावीळ आहे, त्यांची ती कावीळ अचानक उसळू शकते.

त्यांच्या पिशवीत आणखी दोन वस्तू निघाल्या. एक पित्तावरचे पातळ औषध, दुसरी लावणीने कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. पित्तावरच्या औषधातील मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम पोटात डोलुटेग्राविरला धरून ठेवतात, मग ते अंगी लागत नाही. म्हणून एचआयव्हीची गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम; मात्र जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात. टेनोफोविरचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, त्यात वेदनाशामक गोळ्यांचा मारा झाला तर धोका वाढतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा क्षयाची औषधे चालू असतील तर मात्रा बदलावी लागते. तेव्हा कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी चालू गोळ्या दाखवा.

डोळे पिवळे होणे, तापासह अंगावर पुरळ, लघवी कमी होणे, पायांवर सूज, किंवा मन फार खचणे, यांपैकी काही दिसले तर थेट दवाखाना गाठावा. एखादी गोळी विसरली तर आठवताच घ्यावी, पण पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर ती सोडून द्यावी. एकदम दोन घेऊ नयेत.

हिर्डोशीकडच्या पावसात एसटीचा भरवसा नसतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीच केंद्रात विचारून जास्त दिवसांच्या गोळ्या आणून ठेवाव्यात. "कोणी पाहिले तर?" ही धास्ती मी समजू शकतो. पण 2017 च्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. शंका असल्यास 1097 या क्रमांकावर विनाशुल्क विचारता येते.

ते गृहस्थ माझ्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशी केंद्रात गेले. तपासण्या होऊन गोळी पुन्हा सुरू झाली, आता सकाळी न्याहारीनंतर. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, आता झोप लागते."