पंप बसला की धंदा बसतो!

डिझेल पिकअपचा इंधन पंप किती टिकतो? उत्तर किलोमीटरमध्ये शोधाल तर फसाल. ते टाकीत दडलेलं असतं.

पहाटे दारात पडणारी दुधाची पिशवी, मंडईतली मेथीची जुडी, लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या, कारखान्यातून घरी येणारी गणपतीची मूर्ती... या सगळ्यांचा शेवटचा पल्ला बहुतेक वेळा एकाच वाहनातून पार पडतो. डिझेलवर चालणारा पिकअप! खेडोपाडी त्याला 'पिकप' म्हणतात. कुठे महिंद्राचा, कुठे टाटांचा. २००५ साली आलेल्या टाटा एसला तर लोकांनी 'छोटा हत्ती' असं लाडाचं नावच देऊन टाकलं.

यातल्या बऱ्याच गाड्यांचा मालक आणि चालक एकच असतो. गाडी कर्जावर घेतलेली, घरचा खर्च तिच्यावर आणि पोरांची फीही तिच्यावरच. ती एक दिवस उभी राहिली तर भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणूनच पिकअपवाल्याला सगळ्यात मोठी धास्ती असते ती पंपाची. टायर झिजलेला दिसतो, ब्रेक ओरडतो, क्लच आठवडाभर आधी कुरकुरतो. पंपाचं तसं नाही. तो अनेकदा जाता जाता फारसं काही सांगत नाही.

पंप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो डिझेल भरायचा पंप. इथे बोलतोय ते बॉनेटखाली, इंजिनाला चिकटून बसलेल्या पंपाबद्दल. गंमत अशी, की या दुसऱ्या पंपाचं आयुष्य बऱ्याच अंशी पहिल्या पंपाच्या हाती असतं!

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते, की दाबानेच ती प्रचंड तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. पण दाबलेल्या हवेत फवारा घुसवायचा तर डिझेलला त्याहून कितीतरी जास्त दाब हवा. तो देतो हा पंप. किती दाब? स्वयंपाकघरातला कुकर शिटी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. आजच्या कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल इंजिनात हाच आकडा १,६०० ते २,००० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याच्याही पुढे जातो.

एवढा दाब धरून ठेवायचा तर पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधली फट किती बारीक असायला हवी? अवघी काही मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. एवढ्याशा फटीत वेगळं ग्रीस घालायला जागाच नाही. इंजिनाला ऑइल वेगळं, गिअरबॉक्सला वेगळं, पण कॉमन रेल पंपाच्या आत वंगणाचं काम करतं ते खुद्द डिझेलच! जे जाळायचं तेच तेल म्हणूनही वापरायचं. पंपाच्या सुखदुःखाचं सारं मूळ या एका गोष्टीत आहे.

मुळात रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनात असा पंप नव्हताच. इंधन आत फुंकायला दाबलेली हवा लागायची आणि त्यासाठी बोजड कॉम्प्रेसर. ते इंजिन कारखान्यात आणि जहाजावर शोभायचं, गाडीत मावायचं नाही. जर्मनीत स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १९२२ साली छोटा इंजेक्शन पंप बनवण्याचं काम हाती घेतलं आणि १९२७ साली त्याचं उत्पादन सुरू झालं. मग डिझेलचे ट्रक रस्त्यावर धावू लागले. आपल्याकडे १९५१ साली बॉशची 'मायको' ही कंपनी आली. २००८ साली तिचं नाव बदलून 'बॉश' झालं, तरी जुने मेकॅनिक अजून 'मायको पंप'च म्हणतात आणि नाशिकचं मायको सर्कलही आपलं नाव सोडायला तयार नाही.

लाख की दोन लाख?

आता मूळ प्रश्न. पंप टिकतो किती?

जुन्या यांत्रिक पंपाचं उत्तर सोपं होतं. तो झिजायचा, पण हळूहळू. आधी सकाळी स्टार्टिंगला त्रास, मग चढावर ओढ कमी, मग काळा धूर. मालक गाडी घेऊन पंप-नोझलच्या दुकानात जायचा. ट्रान्सपोर्टच्या प्रत्येक गावात असं एखादं दुकान असतंच. पंप उतरवून टेस्ट बेंचवर चढवायचा, झिजलेले भाग बदलायचे, कॅलिब्रेशन करायचं आणि पुन्हा बसवायचा. अशा दोन-तीन डागडुज्यांवर गाडी लाखो किलोमीटर चालायची. पंप मरत नव्हता, म्हातारा होत होता.

कॉमन रेल पंप मात्र इंजिनाच्या आयुष्याइतका टिकावा अशाच हिशेबाने बनवलेला असतो. स्वच्छ डिझेल मिळालं आणि फिल्टर वेळेवर बदलला तर दोन-तीन लाख किलोमीटर त्याला हात लावावा लागत नाही. आणि तोच पंप खराब डिझेलवर पन्नास हजारांच्या आतही संपू शकतो. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्यांत एवढा फरक पडतो, म्हणूनच 'अमुक किलोमीटरला पंप जातो' असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पंपाची खरी कसोटी पाहायची तर अमेरिकेत जायला हवं. तिथे पिकअप म्हणजे शेतकऱ्याचा बैल आणि कुटुंबाची मोटार, दोन्ही. डॉज कंपनीच्या रॅम पिकअपमध्ये १९८९ पासून कमिन्सचं डिझेल इंजिन येतं. १९९४ ते १९९८ मध्ये त्यावर बॉशचा पी-७१०० हा यांत्रिक पंप होता. बोजड, पण असा दणकट की आजही लोक त्या गाड्या शोधून विकत घेतात. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्हीपी-४४ पंप आला आणि तक्रारी सुरू झाल्या. त्याला डिझेल पोचवणारा छोटा लिफ्ट पंप कमजोर होता. तो थकला की मोठ्या पंपाला पुरेसं डिझेल मिळेना. म्हणजे वंगणही नाही आणि थंडावाही नाही. स्वस्त पंपाच्या आजारपणात महागड्या पंपाचा जीव जायचा. २००३ पासून सीपी-३ हा कॉमन रेल पंप बसला आणि मालक पंप नावाची वस्तू जवळजवळ विसरूनच गेले.

मग २०१९ साली त्याच्या जागी सीपी-४ आला. अमेरिकेत जीएम आणि फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये तो २०११ पासूनच होता. हा पंप आकाराने आटोपशीर. त्यात कॅमवर एक रोलर फिरतो. तो रोलर जरा तिरपा झाला की कॅमवर घासतो आणि धातूचा बारीक भुगा पाडतो. हा भुगा डिझेलबरोबर इंजेक्टरपर्यंत जातो, परतीच्या नळीतून टाकीत येतो. म्हणजे एक पंप गेला तर इंजेक्टर, पाइप, टाकी सगळंच बाद! दुरुस्तीचं बिल आठ-दहा हजार डॉलरवर गेल्याच्या तक्रारी कोर्टात गेल्या. कंपन्यांचं म्हणणं, डिझेल खराब होतं. मालकांचं म्हणणं, आम्ही डिझेल साध्या पंपावरच भरलं, आमच्या देशातल्या डिझेलवर चालणार नसेल तर हा पंप इथे बसवलाच कशाला?

मालकांच्या म्हणण्यात तथ्य होतं. डिझेलचा वंगणगुण मोजायला एक चाचणी असते. डिझेलमध्ये बुडवलेली पोलादी गोळी पत्र्यावर घासायची आणि तिच्यावर किती मोठा चट्टा पडतो ते पाहायचं. चट्टा जितका लहान तितकं डिझेल चांगलं. युरोपात हा चट्टा ४६० मायक्रॉनपर्यंत चालतो, अमेरिकेत ५२० पर्यंत. म्हणजे तिथलं डिझेल मुळातच थोडं रुक्ष असलं तरी नियमात बसतं. शेवटी जीएमने २०१७ च्या मॉडेलपासून पंप बदलला आणि २०२४ साली खटल्याच्या तडजोडीत ५ कोटी डॉलर द्यायची तयारी दाखवली. रॅमने २०२१ साली दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या आणि सीपी-४ काढून पुन्हा सीपी-३ बसवून दिला. नवं काढून जुनं बसवायची वेळ कंपनीवर यावी, असं रोज घडत नाही!

दोष गंधकाचा नाही

आपल्याकडेही डिझेल बदललं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यात दहा लाख भागांमागे १०,००० भागांपर्यंत गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि ही मर्यादा १० वर आली. धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण गॅरेजमध्ये लगेच चर्चा सुरू झाली, की गंधक गेलं म्हणजे वंगण गेलं. हे अर्धसत्य आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले इतर काही वंगण देणारे घटकही निघून जातात. स्वीडनमध्ये १९९१ साली जवळपास बिनगंधकाचं डिझेल आलं तेव्हा पंप खरोखरच धडाधड झिजले होते. तेव्हापासून रिफायनरीतच डिझेलमध्ये वंगण वाढवणारं रसायन मिसळायची पद्धत पडली. भारतातली मर्यादाही युरोपसारखीच ४६० मायक्रॉन आहे. तेव्हा रिफायनरीतून निघणाऱ्या डिझेलला दोष देण्यात अर्थ नाही. रिफायनरी ते टाकी या प्रवासात त्याचं काय होतं, हा खरा प्रश्न.

रॉकेल डिझेलपेक्षा पातळ. ते मिसळलं की इंजिन चालतं, पंप मात्र कोरडा घासतो. ही भेसळ किती भयंकर लोकांच्या हातात होती हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ इंधनाच्या काळ्या धंद्याला जाब विचारायला गेले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. अलीकडे 'बायोडिझेल'च्या नावाखाली भलतंच तेल स्वस्तात विकणाऱ्यांवरही छापे पडले आहेत. लिटरमागे पाच-दहा रुपये वाचतात खरे, पण पंप, इंजेक्टर आणि टाकीची धुलाई धरून येणारं बिल सहज पाच आकडी असतं. शिवाय खराब इंधनाने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. म्हणून डिझेलची पावती फेकू नये. संशय आला तर त्याच वेळी पंपावर घनता मोजून मागावी, तो ग्राहकाचा हक्क आहे.

भेसळीइतकंच वाईट पाणी. रात्री अर्धी रिकामी टाकी गार पडली की आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन डिझेलखाली जाऊन बसते. पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून जाणते चालक रात्री गाडी लावण्याआधी टाकी भरतात आणि फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी सोडतात. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर 'उद्या बघू' म्हणू नये. टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी ताणणं तर सर्वांत घातक. एअर धरली की मेकॅनिक ती काढून देतो, पण तोवर पंप डिझेलशिवाय फिरलेला असतो, त्याची झीज कोण भरून देणार?

डिझेलमध्ये टू-टी ऑइल ओतायची काही जणांना सवय असते. जुन्या यांत्रिक पंपाला ते खपून गेलं. बीएस-६ गाडीच्या धुराच्या फिल्टरमध्ये मात्र त्याची राख साठते, तेव्हा हा प्रयोग न केलेलाच बरा.

फिल्टर मात्र कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा आणि जुना फेकण्यापूर्वी त्यातलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओतून उन्हात बघावं. तळाशी पाण्याचा थर दिसला तर टाकी साफ करून घ्यायची. चांदीसारखी बारीक चकाकी दिसली तर मात्र गाडी ओढून गॅरेजला न्यावी, स्टार्टर मारू नये. तेवढ्या वेळात कदाचित इंजेक्टर तरी वाचतील.