चार रात्रींची मालिका आणि जागे झालेले ब्रिटन

लंडनच्या आयटीव्ही वाहिनीवर १ जानेवारी २०२४ रोजी 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' ही मालिका सुरू झाली आणि सलग चार रात्रींत संपलीही. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच १० जानेवारीला तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत घोषणा केली, की शेकडो पोस्टमास्तरांना दोषी ठरविणारे निकाल कायदा करून रद्द करण्यात येतील. ज्या न्यायासाठी ही माणसे जवळपास वीस वर्षे झगडत होती, त्याचा मार्ग दहा दिवसांत खुला झाला. विशेष म्हणजे मालिकेत दाखविलेल्या मुख्य घटनांपैकी जवळजवळ सर्वच आधीपासून जगजाहीर होत्या. मग प्रेक्षक एवढे का खवळले?

गुन्हा कोणाचा, शिक्षा कोणाला?

ब्रिटनमध्ये गावोगावची टपाल कार्यालये बहुधा एखाद्या छोट्या दुकानातच असतात. दुकानदारच पोस्टमास्तर, तो सरकारी नोकर नसतो, 'पोस्ट ऑफिस' या सरकारी मालकीच्या कंपनीशी त्याचा करार असतो. हिशेबात तूट आली, तर ती त्याने पदरची भरायची, असा या कराराचा अर्थ लावला जात असे. १९९९ पासून या कार्यालयांत जपानी कंपनी फुजित्सुची 'होरायझन' ही संगणकप्रणाली बसविण्यात आली आणि सरळमार्गी माणसांच्या हिशेबांत अचानक हजारो पौंडांची तूट दिसू लागली. मदतीसाठी फोन केला, की "असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे" असे उत्तर अनेकांना मिळे.

इंग्लंडमध्ये खासगी संस्थेलाही फौजदारी खटला भरता येतो. त्यामुळे पोस्ट ऑफिसच फिर्यादी, तेच तपास अधिकारी आणि खटला चालविणारेही तेच. त्यातच संगणक बरोबर चालतो, असे न्यायालय गृहीत धरत असे. तो चुकला हे दाखविण्याचा भार आरोपीवर येई आणि त्यासाठी लागणारी माहिती मात्र पोस्ट ऑफिस व फुजित्सु यांच्याकडे असे. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. त्यांपैकी सातशेहून अधिक खटले एकट्या पोस्ट ऑफिसने चालविले होते. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे दिवाळे निघाले, कोणाचे संसार मोडले.

बळी ठरलेल्यांत भारतीय वंशाचे दुकानदारही मोठ्या संख्येने होते. सरे परगण्यातील सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गर्भवती होत्या. तो त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. संशयितांची वर्णावरून वर्गवारी करणारे पोस्ट ऑफिसच्या तपास विभागाचे जुने कागद २०२३ मध्ये उजेडात आले, तेव्हा या प्रकरणाची ही बाजूही लपून राहिली नाही.

माहिती होती, जाग नव्हती

'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकाने २००९ मध्येच या प्रकरणाला वाचा फोडली होती. वेल्समध्ये टपाल कार्यालय चालविणाऱ्या आणि २००३ मध्ये करार गमावलेल्या अ‍ॅलन बेट्स यांनी त्याच वर्षी पीडितांची संघटना उभारली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने 'होरायझन'मध्ये दोष होते, असा स्पष्ट निर्वाळा दिला. ५५५ दावेदारांना ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची तडजोड मिळाली खरी. पण बहुतांश रक्कम दाव्याच्या खर्चातच गेली. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांना निर्दोष ठरविले. चौकशी आयोगही बसला. तरीही २०२४ उजाडले, तेव्हा नऊशेहून अधिक दोषींपैकी जेमतेम ९३ जणांवरील डाग पुसला गेला होता.

मालिकेने नेमके काय केले?

सत्य गुन्ह्यांवरील मालिकांत बहुतेकदा गुन्हेगारच कथेचा नायक होऊन बसतो. त्याच्या मनात डोकावण्याचे कुतूहल प्रेक्षकाला खिळवून ठेवते. येथे आरोपी निरपराध आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. या माणसांवर कोणी विश्वास ठेवील का, एवढाच प्रश्न उरतो. पहिल्या भागातील एक प्रसंग पुष्कळांच्या मनात घर करून राहिला. हॅम्पशायरमधील जो हॅमिल्टन मदतकेंद्राच्या सूचनेप्रमाणे एकेक कळ दाबतात आणि तूट भरून निघण्याऐवजी डोळ्यांदेखत दुप्पट होते. संगणकातील दोषावरचे तांत्रिक निकालपत्र कितीजण वाचणार? तो आकडा मात्र सर्वांना कळला.

शिवाय ही माणसे परकी नव्हती. पेन्शन देणारा, टपालतिकिटे विकणारा गावातला दुकानदार सर्वांच्या परिचयाचा असतो. हॅमिल्टन यांच्यासाठी गावकऱ्यांनी पैसे गोळा केले होते. पण सर्वांच्या वाट्याला असे शेजारी आले नाहीत. अनेक गावांत पोस्टमास्तरकडे चोर म्हणूनच पाहिले गेले. एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिलेल्या या मालिकेनंतर उसळलेल्या संतापात म्हणूनच थोडी अपराधाची भावनाही मिसळलेली होती.

हा संताप कृतीतही उतरला. कंपनीच्या माजी मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांचा सन्मान काढून घ्यावा, या मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि ९ जानेवारीला त्यांनी तो परत करण्याची तयारी जाहीर केली. आजवर गप्प राहिलेले अनेक पोस्टमास्तर वकिलांकडे आले. फुजित्सुच्या युरोपातील प्रमुखांनी संसदीय समितीपुढे माफी मागून भरपाईत वाटा उचलणे हे आपले नैतिक कर्तव्य असल्याचे मान्य केले. २४ मे २०२४ रोजी इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठीच्या कायद्यावर मोहोर उमटली. स्कॉटलंडने स्वतंत्र कायदा केला.

लोकक्षोभाच्या मर्यादा

या न्यायाला दुसरी बाजूही आहे. न्यायालयांनी दिलेले शेकडो निकाल संसदेने सरसकट रद्द करावेत, याला पूर्वीचा दाखला नव्हता. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचे काय, असा प्रश्न कायदेपंडितांनी उपस्थित केला. काही खरोखरच दोषी असलेलेही यात सुटतील, हे सरकारने मान्य केले. त्यावर उपाय म्हणून भरपाई घेणाऱ्याने आपण गुन्हा केला नसल्याचे लेखी द्यावे, अशी अट घालण्यात आली. दुसरे असे, की लोकांचा राग मुख्यतः एका चेहऱ्यावर एकवटला. प्रत्यक्षात अभियंते, तपासनीस, वकील आणि एकामागून एक आलेले मंत्री अशी ही लांबलचक साखळी होती.

आणखी एक बाब अस्वस्थ करणारी आहे. एवढा प्रेक्षकवर्ग लाभूनही या मालिकेत आपल्याला तोटाच झाला, असे वाहिनीने नंतर सांगितले. म्हणजे अशी मालिका निघणे हा व्यवहाराचा नियम नसून अपवाद आहे. ज्यांच्या वाट्याला असा लेखक आणि असा अभिनेता येत नाही, त्यांची प्रकरणे निकालपत्रांतच पडून राहणार का?

अ‍ॅलन बेट्स यांना जून २०२४ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी आत्महत्या केली असण्याची शक्यता त्यात नमूद केली आहे. वृत्तपत्रांत, न्यायालयांत आणि मंत्र्यांच्या टपालात सारी माहिती उपलब्ध असतानाची ती वर्षे या कुटुंबांना कोणतीही मालिका परत देऊ शकणार नाही.