डाव्या खांद्यावरची बंदूक

महाभारताच्या विराटपर्वांत उत्तर राजपुत्रास आपली ओळख पटविण्याकरितां अर्जुन आपलीं दहा नांवें सांगतो व प्रत्येकाचा अर्थ उलगडून दाखवितो. त्यांत ‘सव्यसाची’ हें एक आहे. गांडीव ओढण्याच्या कामीं आपले दोन्ही हात उजव्यासारखेच आहेत, म्हणून हें नांव, असें तो म्हणतो. हा शब्द शिकवितांना बहुतेक विद्यार्थी त्याचा अर्थ ‘जन्मतःच दोन्ही हातांनीं कुशल’ असा करितात, असा आमचा शाळेंतील अनुभव आहे. परंतु आदिपर्वांतील एक कथा निराळीच दिशा दाखविते. एके रात्रीं जेवतांना वाऱ्यानें दिवा विझला, तरी हात मुखाकडे बिनचूक जातो हें अर्जुनाच्या ध्यानीं आलें, आणि तेव्हांपासून तो अंधारांत बाण सोडण्याचा अभ्यास करूं लागला. म्हणजे जें इतरांस दैवी देणें वाटलें, त्याच्या मुळाशीं अभ्यास होता.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्याच जातीचा आहे; मात्र धनुष्याऐवजीं येथें बंदूक आहे. उडत्या पक्ष्यावर छऱ्याची बंदूक झाडण्याची विद्या युरोप-अमेरिकेंत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. जन्मभर उजव्या खांद्याला बंदूक लावून नेम धरणाऱ्या मनुष्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टि उतारवयांत गेली, तर त्यानें काय करावें? बंदूक खुंटीस टांगावी, कीं डावा खांदा नव्यानें शिकवावा? आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांच्या घरीं बंदूक असेल. तरीहि प्रश्न केवळ बंदुकीचा नाहीं. साठी उलटल्यावर पुन्हां विद्यार्थी होतां येतें कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे; आणि तो प्रत्येक घरांतील वडील माणसांपुढें केव्हां ना केव्हां उभा राहतो.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. रायफलींतून एकच गोळी सुटते. तिच्या नळीवर मागें एक खांच व पुढें एक खूण असते. ह्या दोन खुणा आणि लक्ष्य एका रेषेंत आणून नेमबाज चाप ओढतो. छऱ्याच्या बंदुकीस सामान्यतः मागची खांच नसते. पुढच्या टोकाशीं एक बारीक मणी तेवढा असतो. मागच्या खुणेचें काम नेमबाजाचा डोळाच करितो. दस्ता खांद्यांत बसला व गाल त्यावर टेकला, कीं डोळा आपोआप नळीच्या मागें मध्यावर यावा, अशा बेतानें बंदूक घडविलेली असते. म्हणून उत्तम कारागीर गिऱ्हाइकाचें माप घेऊन दस्ता करितात. शिंप्यानें अंगरखा बेतावा तसें. उजव्या खांद्याच्या बंदुकीचा दस्ता किंचित् उजवीकडे कललेला असतो. डाव्या खांद्याकरितां तो उलट कलावा लागतो.

आतां हिशेब पाहा. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्यें सुमारे ६ सेंटिमीटर अंतर असतें, आणि नळीचें तोंड डोळ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटर दूर असतें. समजा, बंदूक उजव्या खांद्यास आहे, पण मणी व लक्ष्य यांचा मेळ डावा डोळा घालीत आहे. समरूप त्रिकोणांच्या नियमानें ३० मीटरांवर हा फरक सुमारे २ मीटर होतो व छरे लक्ष्याच्या डावीकडून निघून जातात. त्या अंतरावर छऱ्यांचा फैलाव साधारण एक मीटर रुंद असतो. म्हणजे लक्ष्य त्यांत सांपडण्याची आशाच नको. नेमबाज मात्र शपथेवर सांगेल, कीं आपला नेम अचूक होता. तो खोटें बोलत नसतो. साक्ष देणारा डोळाच निराळा असतो.

कारण मनुष्याचे दोन डोळे बहुधा समान अधिकाराचे नसतात. एक कारभारी असतो, दुसरा त्याचा साहाय्यक. ह्याची परीक्षा घरीं करून पाहावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या दिव्याकडे बोट दाखवावें आणि मग एकेक डोळा आळीपाळीनें मिटावा. ज्या डोळ्यानें पाहतांना बोट दिव्यावरच राहतें, तो कारभारी. बहुसंख्य लोकांत तो उजवा असतो. नेत्रपटलाच्या मध्यभागाचा ऱ्हास, कांचबिंदु, नेत्रपटल सुटणें अशा विकारांनीं ह्या कारभाऱ्याची शक्ति क्षीण झाली, कीं कारभार दुसऱ्या डोळ्याकडे जाऊं शकतो, आणि धन्यास त्याची खबरहि नसते. जो नेमबाज ‘हात बसेनासा झाला’ म्हणून वर्षभर कुरकुरत असतो, त्याचा हात शाबूत असून डोळाच बदललेला असण्याचा संभव असतो. मोतीबिंदु असेल तर शस्त्रक्रियेनें दृष्टि बहुधा परत येते. म्हणून खांदा बदलण्यापूर्वीं नेत्रवैद्य गांठणें ही पहिली पायरी होय.

दृष्टि परत येण्याजोगी नसेल, तर मार्ग दोन. इंग्लंडांतील कारागिरांनीं असे वांकडे दस्ते केलेले आहेत, कीं दस्ता उजव्या खांद्यांतच राहतो व नळी मात्र डाव्या डोळ्यासमोर येते. ज्याचा डावा खांदा किंवा हात अधू आहे, त्यास हा उपाय बरा. परंतु तो खर्चाचा, आणि अशी बंदूक दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडत नाहीं. दुसरा मार्ग कष्टाचा, पण सरळ: बंदूकच डाव्या खांद्यास नेणें.

हें नवशिक्यापेक्षां जुन्या कसबी माणसास अधिक कठीण जातें. आणि ह्यांतच विषयाचें मर्म आहे. कोऱ्या पाटीवर अक्षर नुसतें काढावयाचें असतें. लिहिलेली पाटी आधीं पुसावी लागते. चाळीस वर्षें उजव्या तर्जनीनें चाप ओढला, उजवा गाल दस्त्यावर टेकला, डावा पाय पुढें टाकला. आतां चाप डाव्या हाताकडे, नळी पेलण्याचें काम उजव्याकडे, डावा गाल दस्त्यावर आणि उजवा पाय पुढें. लक्ष्य एकाएकीं उडालें, कीं शरीर जुन्या सवयीकडे धांवतें व बंदूक उजव्या खांद्यास जाऊन भिडते.

म्हणून शिक्षणाचा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो. प्रथम बंदूक रिकामी आहे हें ती उघडून दोनदां पाहावें, आणि आरशासमोर उभें राहून ती डाव्या खांद्यास लावण्याचा सराव करावा. थोडा वेळ, पण रोज. हालचाल सावकाश असावी. वेग मागाहून येतो. बंदूक गालाकडे यावी, गाल बंदुकीकडे जाऊं नये. डोळा नळीच्या मध्यावर आला कीं नाहीं, हें आरसाच सांगतो. त्यानंतर मैदानावर हलकीं काडतुसें घेऊन सरळ दूर जाणारें लक्ष्य साधावें. तें जमल्यावर तिरपें. आणि सर्वांत शेवटीं आडवें. कारण आडव्या लक्ष्याच्या पुढें नेम धरावा लागतो. ३० मीटर जाण्यास छऱ्यांना सुमारे एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्यांत ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारें लक्ष्य दीड मीटराहून अधिक सरकतें. हें अंतर कोणी फूटपट्टीनें मोजीत नाहीं. अभ्यासानें तें अंगीं मुरतें. एका बाजूस मुरलेलें तें दुसऱ्या बाजूस पुष्कळसें नव्यानें मुरवावें लागतें.

एका डोळ्यानें अंतर कळतच नाहीं, ही समजूत अर्धीच खरी आहे. दोन डोळ्यांच्या मेळानें होणारी खोलीची जाणीव जवळच्या वस्तूंसंबंधीं सर्वांत उपयोगी पडते. दूरच्या वस्तूचें अंतर मन तिच्या आकारावरून व गतीवरूनहि ताडतें. नेमबाजास मोठी उणीव भासते ती बाजूची. अंध बाजूस उभा असलेला सोबती त्यास दिसत नाहीं, आणि बंदुकीच्या खेळांत ही जिवाशीं गांठ आहे. इंग्लंडांत हेन्री फॉसेट हा तरुण १८५८ सालीं वडिलांबरोबर शिकारीस गेला असतां त्यांच्याच बंदुकीचे छरे लागून दोन्ही डोळ्यांनीं अंध झाला. पुढें तो केंब्रिज येथें अर्थशास्त्राचा अध्यापक व पार्लमेंटचा सभासद झाला, आणि तेथें हिंदुस्थानची बाजू इतक्या कळकळीनें मांडूं लागला, कीं त्यास ‘हिंदुस्थानचा प्रतिनिधि’ म्हणत. त्याचें धैर्य वंदनीय खरें; परंतु ज्याचा एकच डोळा उरला आहे, त्यानें संरक्षक चष्म्यावांचून मैदानावर पाऊल टाकूं नये, हाहि धडा त्या अपघातांतून घ्यावा.

बाजू बदलून पूर्वीचें कौशल्य मिळतें काय? हंगेरीच्या सैन्यांतील कारोय टाकाच हा पिस्तुलाचा कसलेला नेमबाज. १९३८ सालीं त्याच्या उजव्या हातांत हातगोळा फुटला व तो हात निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें आरंभापासून अभ्यास केला व १९३९ सालीं आपल्या देशाचें अजिंक्यपद मिळविलें. महायुद्धामुळें १९४० व १९४४ चे ऑलिंपिक सामने भरलेच नाहींत. १९४८ सालीं लंडन येथें, वयाच्या ३८ व्या वर्षीं, त्यानें ५८० गुणांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकलें, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें तें पुन्हां जिंकलें.

टाकाचचा हात गेला होता, डोळा नव्हे. डोळा गेलेल्याचें उदाहरण आपल्याच देशांत, क्रिकेटच्या मैदानावर आहे. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्यास १९६१ च्या जुलैंत इंग्लंडांत मोटार-अपघातांत इजा झाली. तेव्हां ते २० वर्षांचे होते. आरंभीं पाणी ओततांना तें पेल्याबाहेर सांडे. डोळ्यांत भिंग घालून खेळावें, तर एकाऐवजीं दोन चेंडू दिसत. त्यांनीं हात बदलला नाहीं. उभें राहण्याची ढब बदलून डावा डोळा गोलंदाजाकडे अधिक वळविला व टोपी अधू डोळ्यावर ओढून घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ते दिल्लीस पहिला कसोटी सामना खेळले, आणि १९६२ च्या मार्चांत भारताचे कर्णधार झाले. ४६ कसोटींत २७९३ धावा व ६ शतकें, असा त्यांचा हिशेब आहे. ते तरुण होते हें खरें. साठीच्या मनुष्यास वेळ अधिक लागेल. पण पायऱ्या त्याच आहेत.

आमच्या वाचकांस, विशेषतः भगिनीवर्गास, शंका येईल, कीं पक्षी मारण्याच्या विद्येसाठीं एवढा खटाटोप कशास? शंका रास्त आहे. १९०० सालच्या पॅरिस येथील ऑलिंपिकांत जिवंत कबुतरांवर छरे झाडले गेले, हें वाचून आजहि खेद होतो. परंतु १८८० च्या सुमारास अमेरिकेंत जॉर्ज लिगाउस्की यानें मातीची तबकडी शोधून काढली होती, व पुढें स्पर्धांत तिनेंच कबुतराची जागा घेतली. आजची तबकडी डांबर व खडूच्या भुकटीची, सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाची व अवघी १०५ ग्रॅम वजनाची असते. यंत्रानें ती आकाशांत फेंकतात. आपल्या देशांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांनीं शिकारीचा छंद बंदच केला. विद्या राहिली, हिंसा गेली. बिकानेरचे महाराज कर्णीसिंह यांनीं १९६२ सालीं कैरो येथील जागतिक स्पर्धेंत ह्याच मातीच्या पक्ष्यांवर रौप्यपदक मिळविलें, आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकांत तसेंच पदक आणिलें. नेमबाजीबद्दल अर्जुन पुरस्कार प्रथम मिळाला तो कर्णीसिंहांस, १९६१ सालीं. त्या पुरस्कारास सव्यसाचीचेंच नांव आहे.

असो. घरांत वडील माणसाचा एक डोळा अधू झाला, कीं आपण प्रेमानेंच त्याच्या हातांतील तांब्या काढून घेतों, जिन्यावर हात धरितों, पोथी वाचून दाखवूं लागतों. प्रेम खरें, पण त्यानें शिकण्याची संधिच नाहींशी होते. त्यापेक्षां तांब्याची कड भांड्याला टेकवून मग पाणी ओतावें, हें त्यास एकदां सांगावें. बोलतांना त्याच्या दिसत्या बाजूस बसावें. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवाव्या. पहिले आठ दिवस पाणी सांडेल. तें पुसावें, व मुलांस हंसूं देऊं नये. साठ वर्षांच्या कसबी मनुष्यास नवशिका म्हणवून घेण्याचीच लाज सर्वांत जड जाते. ती लाज हलकी करणें मात्र घरच्या माणसांच्या हातीं आहे.