झटके रोखणारं मॅग्नेशियम

गरोदरपणात रक्तदाब फार वाढून आईला झटके येऊ लागले, की डॉक्टर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. १९९५ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या स्वस्त क्षाराने डायझेपाम आणि फेनिटॉइन या दोन्ही औषधांना मागे टाकलं. २००२ च्या 'मॅगपाय' चाचणीत ३३ देशांतल्या, झटके अजून न आलेल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या. मॅग्नेशियम मिळालेल्यांमध्ये झटक्यांचा धोका निम्म्याहूनही खाली आला.

हे घडतं कसं? चेतापेशींवर एनएमडीए नावाचे ग्राही असतात. ग्लुटामेट हा संदेशवाहक रेणू आला, की त्यांतून कॅल्शियम आत शिरतं. ते बेसुमार शिरलं तर पेशी अति उत्तेजित होऊन झटके येऊ शकतात, पेशी मरूही शकते. एरवी मॅग्नेशियमचा आयन त्या वाटेत बुचासारखा बसलेला असतो. हे १९८४ साली उलगडलं. मॅग्नेशियम रक्तवाहिन्याही सैल करतं, त्यामुळे श्रेय कशाला किती, यावर अजून एकमत नाही.

मात्रा मात्र जपावी लागते. ती जास्त झाली तर श्वास मंदावतो. म्हणून गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहतात, लघवी मोजतात, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवतात. आपल्याकडे एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका असलेल्या ताईंनाही पहिला डोस टोचून बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची मुभा आहे. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.