हळद, शोथावरील उपयोग

हळद, शोथावरील उपयोग : (सं. हरिद्रा, निशा, हिं. हल्दी, गु. हळदर). हळदीची पूड पोटात घेऊन किंवा तिचा लेप लावून दाहयुक्त सूज (शोथ) कमी करण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघर आढळते. मुरगळलेल्या घोट्यावर हळद व मीठ यांचा गरम लेप देतात. मुक्या मारावर आंबेहळद उगाळून लावतात. घसा सुजल्यास गरम दुधातून हळद देतात. आंबेहळद (कुर्कुमा अमाडा) ही स्वयंपाकातील हळदीहून (कु. लाँगा) भिन्न जाती असून एकीविषयीचे निष्कर्ष दुसरीस लागू करता येत नाहीत, हे पुष्कळदा विसरले जाते.

चरकसंहितेत हरिद्रेचा समावेश लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न या गणांत केला आहे. सूज उतरविणाऱ्या श्वयथुहर गणात मात्र ती नाही. तेथे दशमुळे आहेत. ‘सुजेवर हळद’ या समजुतीस केवळ ग्रंथाधार नव्हे, तर व्यवहारातील अनुभवाचाही आधार आहे, असे यावरून म्हणता येईल. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न असलेल्या आयुर्वेद महाविद्यालयांत द्रव्यगुण या विषयात हरिद्रा शिकविली जाते.

हळदीतील पिवळे द्रव्य कुर्कुमीन हे १८१५ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. त्याची संरचना १९१० मध्ये निश्चित झाली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील श्रीमल व धवन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उंदरांच्या पंजास कृत्रिम रीत्या आणलेली सूज कुर्कुमिनाने कमी होते, असे दिसून आले. मानवावरील उल्लेखनीय परीक्षा मुंबईचे औषधक्रियावैज्ञानिक आर. एस. सातोस्कर व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. अंतर्गळ (हर्निया) व अंडवृद्धी यांवरील शस्त्रक्रियेनंतरची सूज त्यांनी अभ्यासासाठी निवडली. ही निवड मार्मिक होती. कारण जखमेची सूज कोठे व केव्हा सुरू झाली हे अशा रुग्णांत नेमके ठाऊक असते. तथापि अशी सूज औषधावाचूनही काही दिवसांत ओसरते. म्हणूनच एका गटास कुर्कुमीन, दुसऱ्यास फिनिलब्युटाझोन व तिसऱ्यास औषधविरहित गोळी (प्लासीबो) देण्यात आली. पहिल्या दोन्ही गटांत परिणाम तिसऱ्यापेक्षा चांगला आढळला.

या परीक्षेत कुर्कुमिनाची मात्रा ४०० मिग्रॅ., दिवसातून तीन वेळा अशी होती. हळदीच्या पुडीत कुर्कुमीन सु. ३ टक्के धरल्यास दिवसाच्या या १,२०० मिग्रॅ. साठी सु. ४० ग्रॅ. हळद लागेल. चमचाभर (सु. ३ ग्रॅ.) हळद घातलेल्या दुधातून जेमतेम ९० मिग्रॅ. मिळते. त्यातही कुर्कुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फार थोडे शोषले जाते व यकृतात त्वरित रूपांतरित होते. मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास रक्तातील त्याचे प्रमाण पुष्कळ वाढते, असे बंगलोर येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. दुधात हळदीबरोबर मिरपूड घालण्याच्या रीतीस यामुळे काही अर्थ प्राप्त होतो. मात्रेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

गुडघ्याच्या झिजेवर हळदीच्या अर्काचा काही उपयोग दिसतो. थायलंडमधील २०१४ च्या परीक्षेत चार आठवड्यांनंतर अर्क व आयबुप्रोफेन यांचा वेदनाशामक परिणाम साधारण सारखा ठरला. पुण्यात अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी अश्वगंधा, सालई, सुंठ व हळद यांच्या संयुक्त औषधाची तपासणी केली. गुडघ्याच्या झिजेवर त्याचा लाभ दिसला (२००४). परंतु संधिवाताभ संधिशोथात (२०००) औषधविरहित गटातील रुग्णांसही बराच आराम वाटला व बहुतेक निकषांवरील फरक सार्थ ठरला नाही. या दुसऱ्या रोगात सांध्यांची हानी वेदनेच्या आड चालू राहते. हळदीने बरे वाटते म्हणून नेहमीचे औषध सोडणारा रुग्ण वर्षभराने वाकडी झालेली बोटे घेऊन परत येतो, तेव्हा ती सरळ करण्याचा उपाय वैद्याच्या हाती उरलेला नसतो.

हळदीने जखम भरण्याविषयी १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले एकस्व वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले. ही माहिती जुनीच आहे, एवढेच त्या निर्णयाने ठरले. हळदीच्या गुणकारितेचा तो दाखला नव्हे.

स्वयंपाकातील प्रमाणात हळद निर्धोक आहे. अधिक शोषणासाठी बनविलेल्या संहत गोळ्यांमुळे यकृतशोथ झाल्याची उदाहरणे इटली व अमेरिकेत नोंदली गेली आहेत. पित्ताश्मरीच्या व रक्त न गोठण्याची औषधे घेणाऱ्या रुग्णांनी त्या परस्पर घेऊ नयेत. रंग खुलविण्यासाठी हळकुंडांस लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार बांगला देशात उघडकीस आला असून त्यातील शिसे लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक असते. औषधासाठी हळकुंडे घरी कुटलेली बरी. मात्र लेपलेला रंग कुटल्याने जात नाही, म्हणून अतिशय तकतकीत पिवळी हळकुंडे घेऊ नयेत.